जुन्या जावाला नवे ब्रेक शू टाकले, तरी ब्रेक का लागत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 1968 ची जावा 250 मोटरसायकल, घरातलीच, बरीच वर्षं बंद पडून होती. इंजिन बांधून झालं, रिमना नवं क्रोम झालं, स्पोक नवे टाकले, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, पावडर कोटिंग केलं, रंग झाला. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला बाजारातले नवे शू आणि पुढे नवी केबल बसवली. तरीही पुढचा लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. मागचा ब्रेक दाबला की गाडी हिसके देत थांबते. एक मेकॅनिक म्हणतो जुन्या गाड्यांचे ब्रेक असेच असतात, दुसरा म्हणतो पुढे डिस्क बसवून टाका.

दोघांचंही ऐकू नका. जावाचा ड्रम, म्हणजे हबमधलं ज्याच्या आतून शू घासतात ते गोल भांडं, 160 मिलिमीटरचा आणि चाक 16 इंची आहे. त्या गाडीच्या वजनाला आणि वेगाला ही जोडी पुरेशी आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगावरून, दोन्ही ब्रेक नीट लागले तर, साधारण 13 मीटरमध्ये गाडी उभी राहायला हवी. हात-पाय ब्रेकवर पडल्यापासूनचं हे अंतर आहे. 60 वरून 28-30 मीटर लागतील. आजच्या डिस्कइतकं ते चांगलं नाही, पण तुम्ही वर्णन केलंय तसा ब्रेक या गाडीला कारखान्यातून कधीच आलेला नव्हता. जाता जाता, 16 इंची चाकं काढून 18 इंची टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही नाकारा. ड्रम तोच ठेवून चाक मोठं केलं की टायरपाशी मिळणारा ब्रेकचा जोर सुमारे 8 टक्क्यांनी कमी होतो.

नेमका दोष कुठे आहे हे चाक उघडून मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ड्रम आधी किती वेळा कापलाय, आतली बिडाची रिंग घट्ट आहे का, शू कुठल्या मापाचे मिळाले, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही कामं ज्या क्रमाने केलीत, त्यावरून माझा संशय सरळ आहे: शू नवे आहेत, पण ते ड्रमला पूर्ण टेकत नाहीत, आणि ड्रम गोल राहिलेला नाही. ‘शू नवे आहेत’ आणि ‘शू ड्रमला बसलेत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गाड्यांच्या ब्रेकची बहुतेक दुखणी या फरकातच सापडतात.

आत काय घडतं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं काम का करायचं ते पटेल. ड्रमचं तोंड झाकणाऱ्या प्लेटवर दोन शू एका टोकाला पिनवर अडकलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यामध्ये कॅम, म्हणजे केबलने किंवा रॉडने फिरणारा चपट्या टोकाचा दांडा, असतो. कॅम फिरला की शूचं ते टोक बाहेर ढकललं जातं. शूचा मधला भाग कॅमकडच्या टोकाच्या साधारण निम्माच सरकतो. समजा ड्रम कापून कापून 160.8 झालाय आणि बाजारातल्या शूचा बसवल्यावरचा व्यास 158.4 भरतो. म्हणजे प्रत्येक शूला मधोमध 1.2 मिलिमीटर सरकायला हवं, आणि त्यासाठी कॅमकडे जवळजवळ अडीच मिलिमीटर. तुमच्या लिव्हरची सगळी चाल तिथेच संपते. शिवाय शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान असल्याने तो मधल्या एका पट्ट्यातच, कॅमच्या बाजूला जरा झुकून, टेकतो. शूवरचं बाकीचं लायनर (घासून पकड घेणारा थर) कोरंच राहतं. केबल कितीही ताणली तरी हे सुधारत नाही, कारण केबलने चाल मिळते, गोलाई मिळत नाही.

आता तपासणी. चाक काढलं की आतली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि जुन्या हबमध्ये त्याची धूळ अजून असू शकते. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. मग ड्रमच्या आत साध्या खडूने पूर्ण पट्टा रंगवा, चाक बसवा, हाताने फिरवत ब्रेक तीन-चार वेळा हलका लावा आणि पुन्हा उघडा. लायनरवर जिथे खडू उमटला तिथेच तुमचा ब्रेक लागतो. तुमच्या बाबतीत प्रत्येक शूवर दोन-तीन बोटं रुंदीचा एक पांढरा डाग दिसेल असा माझा अंदाज आहे. दिसायला हवा तो जवळजवळ पूर्ण शूवर, निदान तीन चतुर्थांश भागावर.

ड्रमचा गोलपणा कानाने कळतो. शू जेमतेम घासतील इतका ब्रेक अ‍ॅडजस्ट करा आणि शांत जागी चाक फिरवा. घासण्याचा आवाज सलग आला तर ड्रम ठीक. एका फेऱ्यात एकदाच आवाज येऊन थांबत असेल तर ड्रम केंद्रातून सरकलाय. एका फेऱ्यात दोनदा येत असेल तर तो लांबट झालाय. मागच्या ब्रेकचे हिसके बहुधा या लांबट ड्रमचे आहेत. खात्री हवी असेल तर एक्सल व्हाइसमध्ये धरून डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) लावा. 0.1 मिलिमीटरपर्यंत चालतं. 0.2 च्या पुढे गेलं की पॅडलमध्ये धडधड जाणवते.

ड्रम लांबट कशाने झाला? बहुधा नव्या स्पोकनी. जावाचा हब अ‍ॅल्युमिनियमचा, पूर्ण रुंदीचा, आणि आत बिडाची रिंग. स्पोक ताणले की ते हबच्या कडा बाहेर ओढतात आणि आतली रिंग काही शतांश मिलिमीटरने का होईना, आकार बदलते. ताण सगळीकडे सारखा नसेल तर फरक आणखी वाढतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी रिम, मग स्पोक भरून चाक सरळ करून घ्यायचं, आणि त्यानंतर रिम-स्पोकसकट अख्खं चाक लेथवर धरून ड्रम कापायचा. पुष्कळ जण सुटा हब लेथवाल्याकडे नेतात, ड्रम आरशासारखा करून आणतात आणि नंतर स्पोक भरतात. तो सगळा खर्च वाया जातो. 16 इंची चाक अख्खं धरता येईल असा मोठा लेथ शोधावा लागतो. ट्रकचे ड्रम कापणाऱ्यांकडे तो असतो. चाक बेअरिंगच्या जागेवर केंद्रात धरायला सांगा, रिमवर नाही.

पावडर कोटिंगचंही एक तपासून घ्या. भट्टीत हब 180-200 अंशांपर्यंत तापतो. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे आधीच सैल असलेली रिंग तिथे हलू शकते. रिंगवर लहान हातोडीने हलकं ठोकून पाहा. आवाज खणखणीत यायला हवा. भद्द आला किंवा रिंग आणि हबच्या सांध्यात गंजाची लाल रेघ दिसली, तर कापण्याआधी रिंग बदलण्याचा विचार करा. बेअरिंगच्या बैठकीत आणि प्लेट बसते त्या कडेवर पावडरचा थर चढला असेल तर तो पूर्ण खरवडून काढा, नाहीतर प्लेट तिरकी बसते.

ड्रम किती कापायचा? गोल होईल इतकाच, एका वेळी 0.1 चे हलके कट. सर्वसाधारण नियम असा की मूळ मापापेक्षा एक मिलिमीटरपर्यंत, म्हणजे 161 पर्यंत जावं. त्यापुढे रिंग पातळ होते, तापल्यावर फुगते आणि उतारावर ब्रेक अचानक सैल पडतो. तुमचा ड्रम आत्ताच त्या हद्दीवर असेल तर हब तापवून नवी बिडाची रिंग बसवून घेणं हाच मार्ग आहे. हे काम चांगल्या वर्कशॉपचंच.

आता शू. बाजारातले तयार शू परत करता आले तर करा. शूचं मूळ अ‍ॅल्युमिनियमचं अंग तुमच्याकडे असेल तर त्यालाच नवं लायनर चढवून घेणं चांगलं. जुनी अंगं मापाला खरी असतात. नव्या नकली शूच्या कॅमकडच्या टाचेची उंची बऱ्याचदा चुकलेली असते. लायनर चढवणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: मटेरियल मऊ हवं, आणि जाडी नेहमीपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर जास्त हवी. मोटारगाडीचं कडक लायनर तापल्यावरच पकड घेतं. हलक्या मोटरसायकलवर ते पुरेसं तापतच नाही, म्हणून ब्रेक लाकडासारखा वाटतो. रिव्हेट मारणार असतील तर मधून सुरुवात करून टोकांकडे जायला हवं, म्हणजे लायनर फुगत नाही. रिव्हेटचं डोकं पृष्ठभागापासून निदान एक मिलिमीटर खाली हवं. चिकटवलेलं लायनर असेल तर पूर्ण जाडी वापरायला मिळते. तेही चालतं, फक्त जुनं अंग आधी ब्लास्ट करून स्वच्छ झालेलं हवं.

जास्त जाडीचं लायनर मागायचं कारण पुढच्या पायरीत आहे. शू ड्रमच्या मापाला लेथवर फिरवून घ्यायचे, आणि तेही त्यांच्याच प्लेटवर बसवून. प्लेटच्या मधल्या भोकातून नेमका बसणारा एक दांडा टर्नरकडून करून घ्या. शू, पिन, स्प्रिंगा सगळं जागेवर लावा. कॅम आणि प्रत्येक शूच्या टाचेमध्ये 0.6 मिलिमीटरची फीलर पट्टी (ठरावीक जाडीची पोलादी पट्टी) ठेवा. शू हलणार नाहीत असे तारेने बांधा. आता लायनर कापलेल्या ड्रमच्या बरोब्बर मापाला फिरवा. ड्रम 160.6 असेल तर 160.6. मग पट्ट्या काढून टाका. शू आत बसतात, मधोमध व्यासात सुमारे 0.6 मिलिमीटरची फट मिळते, आणि ब्रेक लावला की शू ज्या स्थितीत कापले त्याच स्थितीत परत येऊन सगळीकडून एकदम टेकतात. पुढच्या ब्रेकमध्ये सगळ्यात मोठा फरक याच एका कामाने पडतो. लेथवाल्याला थोडं समजवावं लागतं, पण अर्ध्या दिवसाचं काम आहे. मास्क लावायला सांगा.

लेथ मिळतच नसेल तर खडू आणि कानस. वर सांगितलं तसा खडू उमटवायचा, पांढरा झालेला भाग खरखरीत कानशीने किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका उतरवायचा, पुन्हा खडू. दहा-बारा वेळा करावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण होतं. मात्र शूचा बसवल्यावरचा व्यास ड्रमपेक्षा दीड-दोन मिलिमीटरने कमी असेल तर हा मार्ग घेऊ नका. तिथे जाडी कमी पडते आणि जाडी कानशीने मिळत नाही.

दोन्ही मार्गांत शेवटी लायनरच्या दोन्ही टोकांना सात-आठ मिलिमीटर लांबीचा उतार द्या. टोक धारदार ठेवलं तर चाक फिरण्याच्या दिशेचा शू ड्रममध्ये रुतल्यासारखा पकडतो आणि ब्रेक किंचाळतो.

टाच आणि कॅमच्या मध्ये पत्री घालायची पद्धत रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये सर्रास आहे. लिव्हर वर येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण गोलाई तशीच चुकलेली राहते, आणि पत्री निसटून शू आणि ड्रमच्या मध्ये गेली तर चालत्या गाडीचं चाक जाम होतं. तुमच्या शूवर अशी पत्री दिसली तर आजच काढा.

कॅम हातात आलाय तर त्याच्या बुशचा प्लेही पाहून घ्या. कॅमचा दांडा बोटांनी आडवा हलवा. डोळ्यांना दिसेल इतका हलत असेल तर गनमेटलचा नवा बुश हवा, कारण तेवढी चाल शूपर्यंत पोचायच्या आधीच हरवते. कॅमच्या सपाट बाजूंवर टाचेने पाडलेली खाच असेल तर ती बारीक पेपरने गुळगुळीत करा, फार खोल असेल तर भरून घासून घ्या. कॅमला आणि पिनला उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पुसटसं. जास्त लावलेलं ग्रीस तापून पातळ होतं आणि लायनरवर उतरतं. लायनरने एकदा तेल-ग्रीस प्यायलं की पेट्रोलने धुऊन, जाळून काही होत नाही. वरून कोरडं दिसतं आणि तापलं की पुन्हा बाहेर येतं. ते बदलायचं. याच कारणाने चाकाची बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली, टू आरएस प्रकारची, घ्या.

लिव्हरच्या कोनाकडे फार कमी लोक बघतात. प्लेटवरच्या छोट्या आर्मला केबल जिथे ओढते, तिथे शू ड्रमला टेकण्याच्या क्षणी केबल आणि आर्ममध्ये काटकोन किंवा त्याहून जरासा कमी कोन हवा. ब्रेक पूर्ण लागला तरी काटकोनाच्या पलीकडे जाऊ नये. पलीकडे गेला की तुम्ही जितकं जास्त दाबाल तितका कमी जोर कॅमला मिळतो. आर्म दात्यांवर बसत असेल तर काढून एक दाता मागे घेता येतो. पण झिजलेल्या लायनरची भरपाई म्हणून हे करू नका. कॅम जास्त फिरत गेला तर एका टप्प्यावर उभा राहून अडकू शकतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो.

केबल नवी आहे म्हणालात, पण ती कशी आहे ते पाहा. कुणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही आउटरकडे, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीकडे, बघा. आउटर वाकत-सरळ होत असेल, अ‍ॅडजस्टरच्या टोपीत आत घुसत असेल, तर चाल तिथे वाया जातेय. ब्रेकच्या केबलला आतली तार निदान 2 मिलिमीटरची आणि आउटर घट्ट गुंडाळीचं हवं. क्लचची केबल कापून ब्रेकला लावलेली मी पुष्कळ गाड्यांवर पाहतो. हँडलवरचा लिव्हरही मोजा: पिव्हटपासून (लिव्हर फिरतो तो खिळा) निप्पलपर्यंतचं (केबलच्या टोकाची गाठ) अंतर कमी असेल तर जोर जास्त आणि चाल कमी मिळते. 27 ऐवजी 22 मिलिमीटरचा लिव्हर लावला तर त्याच हाताने 20 टक्क्यांहून जास्त ओढ मिळते. पण शू पूर्ण टेकत असतील तरच, नाहीतर तो लगेच हँडलला लागेल.

चाक बसवताना एक्सलचा नट आधी सैल ठेवा. चाक फिरवा, ब्रेक जोरात लावा, आणि तो दाबून धरलेला असतानाच नट आवळा. त्यामुळे शू स्वतःच प्लेटला ड्रमच्या केंद्रात आणतात. प्लेट फॉर्कला जिथे अडकते ती जागा नीट बसली आहे याची खात्री करूनच गाडी हलवा. ती निसटली तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते. मागेही हीच रीत, फक्त चेन अ‍ॅडजस्ट केल्यावर रॉड पुन्हा अ‍ॅडजस्ट करायचा, कारण चाक मागेपुढे सरकलेलं असतं. पॅडलला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा आणि कुणाला तरी मागे बसवून तपासा. सस्पेन्शन दबल्यावर रॉड ताणला जाऊन शू घासायला लागत नाहीत ना, हे पाहायचं. पुढे लिव्हरच्या टोकाला दीडेक सेंटिमीटर पुरे.

मग ब्रेक मुरवायचा. रिकाम्या रस्त्यावर 40 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने दहा-पंधरा वेळा, दर वेळी मध्ये थोडं अंतर तसंच चालवून ड्रम निवू द्या. तापलेल्या ड्रमवर ब्रेक दाबून उभे राहू नका. पहिले तीन-चारशे किलोमीटर घाटात जाऊ नका. त्यानंतर एकदा चाक उघडून लायनर बघा, चकाकी आलेले उंच डाग 80 च्या पेपरने मोडा आणि केबल पुन्हा जुळवा.

घाटाबद्दल वेगळं सांगायला हवं. जावा टू-स्ट्रोक आहे, इंजिनाचा ब्रेक फोर-स्ट्रोकच्या मानाने कमी मिळतो, त्यामुळे आंबेनळी घाटासारख्या लांब उतारावर सगळा भार ड्रमवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट लावा आणि सोडा. आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्याने थ्रॉटल बंद करून लांब उतरताना पिस्टनला ऑइल कमी पोचतं, म्हणून अधूनमधून थ्रॉटल जरा उघडत राहा. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं तर पुढच्या वळणाआधी ब्रेक हलका घासून सुकवून घ्या.

डिस्कबद्दल. जावाचा फॉर्क आणि हब डिस्कसाठी बनलेला नाही. एका बाजूने येणारा पीळ तो फॉर्क पेलत नाही. कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. 1968 ची गाडी त्या वयात बसते. तुम्हाला ती नोंदणी हवी असो वा नसो, ते दार बंद करू नका.

आत्ता लगेच करण्यासारखं एवढंच: दोन्ही चाकं काढा, प्रत्येक ड्रमचा व्यास चार ठिकाणी मोजा, कडेला उरलेला काठ सोडून, आणि शू प्लेटवर बसवून त्यांचा मधोमधचा व्यास घ्या. खडूचा फोटोही काढा. ही मापं इथे लिहा. त्यावरून ड्रम किती कापायचा आणि लायनर किती जाड मागायचं ते नेमकं सांगता येईल. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.